हरवलेला झगा

रहस्यकादंबरी म्हणजे आगगाडीच्या प्रवासांत वेळ घालविण्याकरितां विकत घ्यावयाची आणि मुक्कामाचें स्टेशन आलें म्हणजे बाकावर विसरून जावयाची वस्तु, अशी आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षितांची समजूत आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनीं तिच्याकडे गंभीरपणें पाहावें असें कोणी सुचविलें तर तो विनोदच ठरावयाचा. तथापि या कादंबरीची एक शाखा अशी आहे कीं, तिच्याविषयीं बोलण्याचा अधिकार, किंबहुना तिची झडती घेण्याचें कर्तव्य, इतिहासकाराकडेच येतें. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळांत, घडलेल्या गुन्ह्यांच्या कल्पित कथा पुढील पिढ्यांतील लेखकांनीं रचावयाच्या, ही ती शाखा होय. धुक्यांत मिणमिणणारे गॅसचे दिवे, फरसबंदीवर वाजणाऱ्या घोड्यांच्या टापा, जड पडदे सोडलेले दिवाणखाने आणि त्या पडद्यांमागें दडलेलें एखादें कुलीन पातक, हा तिचा ठराविक संभार आहे.

येथें एक भेद प्रथमच ध्यानांत घेतला पाहिजे. विल्की कॉलिन्स किंवा कॉनन डॉईल यांनीं ज्या कथा लिहिल्या त्या आपल्याच काळाविषयीं लिहिल्या. त्यांना गॅसचा दिवा हा मुद्दाम आणून ठेवावा लागला नाहीं, तो त्यांच्या टेबलावरच जळत होता. परंतु पीटर लव्हसी यानें १९७० सालीं आपली पहिली कादंबरी लिहिली ती १८७९ मधील एका चालण्याच्या शर्यतीभोंवतीं. मायकेल क्रायटन यानें १९७५ सालीं जी लिहिली ती १८५५ मध्यें धांवत्या आगगाडींतून चोरीस गेलेल्या सोन्याविषयीं. आणि ॲन पेरी या लेखिकेनें १९७९ पासून टॉमस पिट नांवाच्या पोलीस अंमलदाराच्या कथांची जी माळ गुंफिली तिचा आरंभ १८८१ च्या लंडनांत होतो. या मंडळींना तो काळ कागदपत्रांतूनच उभा करावा लागला. म्हणजे त्यांनीं इतिहासकाराचें काम पत्करलें आणि त्याबरोबर इतिहासकाराची जबाबदारीही पत्करली. ती जबाबदारी कितपत पार पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचा विचार हवेंत न करितां एका खऱ्या प्रकरणाच्या आधारें करणें सोयीचें होईल; कारण व्हिक्टोरियाकालीन रहस्यकथेचीं बहुतेक सर्व पात्रें आणि बहुतेक सर्व युक्त्या त्या एका प्रकरणाच्या पोटांतून बाहेर पडल्या आहेत.

विल्टशायर परगण्याच्या सरहद्दीवर रोड नांवाचें खेडें आहे. त्या गांवच्या टेकडीवरील एका प्रशस्त घरांत १८६० सालीं सॅम्युएल केंट हा कारखान्यांची तपासणी करणारा सरकारी अंमलदार राहत असे. त्याची पहिली पत्नी १८५२ मध्यें वारली. ती वेडी होती असा लौकिक त्यानें पसरूं दिला होता. दुसऱ्याच वर्षीं त्यानें आपल्या मुलांना शिकविण्याकरितां ठेवलेल्या शिक्षिकेशीं विवाह केला. पहिल्या पत्नीचीं मुलें घरांत होतीं, दुसरीचीं होतीं. आणि ज्या बाईनें आईच्या हयातींत घराची सूत्रें हातीं घेतलीं होतीं तीच आतां सावत्र आई झाली होती. हें चित्र समजावयास आपल्याकडील वाचकांस टीपेची जरूरी नाहीं.

२९ जूनच्या रात्रीं त्या घरांत बारा माणसें निजलीं. ३० तारखेस सकाळीं दुसऱ्या पत्नीचा सॅव्हिल हा चार वर्षांचाही न झालेला मुलगा बिछान्यांत नव्हता. आवारांतील झुडपांआड नोकरांच्या वापराचा एक शौचकूप होता, त्यांत कांबळ्यांत गुंडाळलेलें त्याचें प्रेत सांपडलें. गळा चिरलेला होता. घराचे दरवाजे आंतून बंद होते; दिवाणखान्याची एक खिडकी मात्र थोडीशी उघडी होती. बाहेरचा कोणी आला असेल ही आशा प्रथम सर्वांनीं धरली, परंतु ती टिकण्यासारखी नव्हती. खून करणारें माणूस त्या रात्रीं त्याच छपराखालीं निजलें होतें.

स्थानिक पोलिसांनीं जो तपास केला तो वाचतांना हंसावें कीं रडावें हें कळेनासें होतें. स्वयंपाकघरांतील चुलींत कोणी पुरावा जाळावयास आलें तर धरावें म्हणून दोन शिपाई रात्रीं तेथें बसविण्यांत आले, आणि घरधन्यानें बाहेरून अडसर लावून त्या दोघांना आंत कोंडून टाकिलें! त्याच्या आधींच चुलीच्या भोंकांत रक्ताचे डाग पडलेलें एक स्त्रीचें अंतर्वस्त्र पोलिसांना मिळालें होतें. पण त्यांच्या वरिष्ठानें तें पाहिलें, डाग स्त्रियांच्या मासिक धर्माचे असावेत असें मनाशीं ठरविलें, आणि संकोचानें ती गोष्ट कोणापाशींही न बोलतां वस्त्र परत ठेवावयास लाविलें. पुढें तें नाहींसें झालें. कित्येक महिन्यांनीं ही हकीगत बाहेर आली तेव्हां सारा देश संतापला; परंतु त्या फोलीनामक अंमलदाराच्या जागीं त्या काळचा दुसरा कोणीही सभ्य पुरुष असता तर तो बहुधा असाच वागला असता. ज्या समाजांत अशा वस्त्राचें नांव काढणें हाच अपराध, त्या समाजांत त्याची तपासणी कोण करणार?

दोन आठवडे गेल्यावर लंडनहून जोनाथन व्हिचर हा अंमलदार आला. लंडनच्या पोलीसदळाची स्थापना १८२९ सालची. त्यांत डिटेक्टिव्हांची निराळी शाखा १८४२ सालीं अवघ्या आठ माणसांची काढण्यांत आली, आणि व्हिचर हा त्या आठांपैकीं एक. तो एका माळ्याचा मुलगा होता. चार्लस डिकन्स यानें १८५० सालीं आपल्या साप्ताहिकांत या नव्या डिटेक्टिव्हांचें मोठ्या कौतुकानें वर्णन केलें होतें व त्यांत नांव किंचित बदलून व्हिचरलाही स्थान दिलें होतें. लंडनच्या गल्ल्यांतील चोरांना धरणारा हा माणूस सुखवस्तु गृहस्थाच्या घरीं येऊन मुलींच्या कपाटांत हात घालूं लागला, हें दृश्यच त्या काळीं अपूर्व होतें. इंग्रजाचें घर म्हणजे त्याचा किल्ला, ही भावना नुकतीच कोठें मध्यमवर्गाच्या अंगीं मुरली होती. त्या किल्ल्याच्या दाराशीं माळ्याचा पोर उभा राहून विचारीत होता कीं, आपल्या घरांतील धुण्याची यादी दाखवितां काय?

कारण व्हिचरचें सारें अनुमान परटिणीच्या वहीवर उभें होतें. केंटची सोळा वर्षांची मुलगी कॉन्स्टन्स, ही पहिल्या पत्नीची कन्या. तिचे रात्रीं निजतांना घालावयाचे झगे तीन. त्यांतील एक नाहींसा झाला होता. खुनानंतरच्या सोमवारीं धुणें बांधलें जात असतां ती मोलकरणीजवळ आली आणि तिला पिण्याचें पाणी आणावयास तिनें खालीं पाठविलें. मोलकरीण मिनिटभर दूर गेली. टोपली परटिणीच्या घरीं पोंचली तेव्हां वहींत लिहिलेला एक झगा टोपलींत नव्हता. व्हिचरनें असें ताडलें कीं, रक्तानें माखलेला झगा तिनें आधींच नष्ट केला होता. मग धुण्यास दिलेला निर्दोष झगा टोपलींतून परत काढून घेतला, म्हणजे कपाटांतील उणीव भरून निघावी आणि हरविल्याचा आळ परटिणीवर यावा. आणखीही एक गोष्ट त्यास कळली होती. चार वर्षांपूर्वीं ही मुलगी आपल्या धाकट्या भावासह घरांतून पळाली होती. त्या वेळीं मुलाचा वेष घेण्याकरितां तिनें केस कापले आणि ते त्याच शौचकूपांत टाकले होते.

२० जुलैला व्हिचरनें कॉन्स्टन्सला अटक केली. सात दिवसांनीं गांवांतील सभागृहांत चौकशी झाली. परटिणीच्या वहीवरून एका सद्गृहस्थाच्या कन्येस फांसावर चढवूं पाहणारा हा कोण, असा सूर तिच्या वकिलानें लाविला आणि श्रोत्यांनीं तो उचलून धरला. मुलगी जामिनावर सुटली. वर्तमानपत्रांनीं व्हिचरला इतकें झोडपलें कीं, त्याची वाढती कीर्ति त्या दिवसापासून उतरणीस लागली. १८६४ सालीं प्रकृति बिघडल्याचें कारण होऊन त्यानें नोकरी सोडली. दरम्यान पोलिसांनीं मुलांची दाई एलिझाबेथ गफ हिला पकडून पाहिलें. पुरावा कांहीं नसल्यानें तीही सुटली. परंतु दाईच्या सुटकेनें कोणाला आनंद झाला नाहीं. घरधनी आणि दाई यांचे संबंध मुलानें पाहिले व म्हणून त्याचा बळी गेला, अशी कुजबूज देशभर चालली. खुद्द डिकन्सचेंही मत तसेंच होतें.

डिकन्ससारखा मनुष्यस्वभावाचा जाणता लेखक चुकला आणि परटिणीची वही वाचणारा शिपाई बरोबर ठरला. कारण २५ एप्रिल १८६५ रोजीं कॉन्स्टन्स केंट आपल्या पायांनीं लंडनच्या न्यायाधीशापुढें येऊन उभी राहिली आणि सावत्र भावाचा खून आपणच केला असें तिनें सांगितलें. ब्रायटन येथील एका धार्मिक आश्रमांत ती राहत असे, आणि तेथील धर्मगुरूपाशीं तिनें आपलें मन मोकळें केलें होतें. तिला फांशीची शिक्षा सांगण्यांत आली, ती पुढें जन्मठेपेवर आली, आणि वीस वर्षें तुरुंगांत काढून १८८५ सालीं ती सुटली. त्यानंतर नांव बदलून ती ऑस्ट्रेलियांत गेली, तेथें रोग्यांची शुश्रूषा करण्याचा धंदा शिकली आणि शंभर वर्षांची होऊन १९४४ सालीं वारली. व्हिक्टोरिया राणीच्या मृत्यूनंतर ती त्रेचाळीस वर्षें जगली, हें ध्यानांत आणलें म्हणजे तो काळ आपण समजतों तितका दूरचा नव्हे असें वाटूं लागतें.

आतां या प्रकरणाचें कादंबरींत काय झालें तें पाहूं. १८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत डिकन्सच्या साप्ताहिकांत विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें त्या लुटींत एका इंग्रज अधिकाऱ्यानें पळविलेला हिरा इंग्लंडांतील एका कुलीन घरांत येतो, वाढदिवसाच्या रात्रीं नाहींसा होतो आणि शेवटीं काठेवाडांत सोमनाथास मूळ देवतेकडे परततो, अशी ही कथा आहे. १८५७ ला पुरतीं अकरा वर्षेंही झालीं नव्हतीं अशा वेळीं लुटणारा इंग्रज चोर आणि हिऱ्यासाठीं सर्वस्व सोडणारे तीन ब्राह्मण श्रद्धावान, असें लिहिण्यास कॉलिन्सच्या अंगीं बरेंच धैर्य असलें पाहिजे. परंतु आपला मुद्दा निराळा आहे. या कादंबरींतही लंडनहून डिटेक्टिव्ह येतो. त्याला गुलाबांचें वेड आहे. तोही परटिणीची वही मागतो. त्यालाही डाग पडलेला झगा हवा असतो. त्याचाही संशय घरच्या कन्येवर जातो. आणि त्यालाही अपयश घेऊन परत जावें लागतें. रोड गांवचें प्रकरण ज्या वाचकांनीं आठ वर्षांपूर्वीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें त्यांना सार्जंट कफ याची ओळख करून देण्याची गरज नव्हती.

पण कॉलिन्सनें दोन फेरफार केले, आणि ते फार बोलके आहेत. झग्यावरील डाग त्यानें रक्ताचा ठेवला नाहीं. ओल्या रंगाचा केला. आणि घरांतून नाहींसें झालेलें मूल काढून त्या जागीं त्यानें हिरा ठेविला. चार वर्षांचें पोर मारलें जाण्याऐवजीं एक रत्न हरवलें, म्हणून वाचकाला निर्धास्तपणें अनुमानांचा खेळ खेळतां येऊं लागला. रहस्यकादंबरी ही करमणूक कशी झाली, याचें उत्तर या फेरफारांत आहे. यांत कॉलिन्सला दोष देण्याचा हेतु नाहीं. उलट त्यानें खऱ्या माणसांचीं नांवें घेतलीं नाहींत, कोणा जिवंत व्यक्तीवर आळ घेतला नाहीं, आणि रोझाना स्पिअरमन या मोलकरणीच्या तोंडून असें दुःख बोलविलें कीं, घरांतील चाकरालाही अंतःकरण असतें हें अनेक वाचकांना त्या पानांवरच प्रथम उमगलें असेल. कादंबरीचा उलगडा काय होतो तें येथें सांगत नाहीं. ज्यांनीं ती वाचली नसेल त्यांच्या आनंदांत विरजण घालण्याचा अधिकार समीक्षकाला नाहीं.

अशा रीतीनें डिटेक्टिव्ह, बंद घर, आंतलाच गुन्हेगार, चाकरांच्या साक्षी आणि एखादी क्षुल्लक घरगुती वस्तु हा संच तयार झाला. पुढें शंभर वर्षांनीं जेव्हां लेखक मुद्दाम त्या काळांत जाऊन कथा रचूं लागले तेव्हां त्यांनीं हाच संच उचलला. ते काळाची बाह्य सजावट सहसा चुकत नाहींत. गाड्यांचे प्रकार, टोप्यांची घडण, रस्त्यांचीं नांवें यांचा त्यांचा अभ्यास पुष्कळदां आपल्या इतिहासाच्या पदवीधरांस लाजवील असा असतो. चूक होते ती माणसांच्या मनांत आणि ज्ञानाच्या मर्यादेंत.

१८६० सालीं डाग रक्ताचा आहे असें डॉक्टर सांगूं शके; तें रक्त माणसाचें कीं जनावराचें हें ओळखण्याची खात्रीची परीक्षा १९०१ पर्यंत निघाली नव्हती. बोटांच्या ठशांची तीच गोष्ट. त्यांचा पहिला व्यवहारी उपयोग इंग्लंडांत झाला नाहीं, बंगालमध्यें झाला: विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्यानें १८५८ सालीं एका कंत्राटदाराच्या कागदावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. पुढें एडवर्ड हेन्री, अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या श्रमांतून ठशांच्या वर्गीकरणाची पद्धति सिद्ध झाली, १८९७ मध्यें कलकत्त्यास तिची कचेरी निघाली, आणि लंडननें ती १९०१ सालीं स्वीकारली. तेव्हां व्हिक्टोरिया राणीच्या राज्यांतील बहुतेक सारा तपास शब्दांवर, स्मरणावर आणि चेहऱ्यावरील भावांवर चालत असे. त्यांतही खुद्द आरोपीस शपथेवर साक्ष देण्याची मुभा इंग्लंडच्या कायद्यानें १८९८ पर्यंत सामान्यतः दिलेली नव्हती. कोर्टांत उभी राहून नायिका स्वतःची बाजू अस्खलित मांडते असा प्रसंग १८६० च्या कथेंत कोणी रंगविला तर त्याची टोपी कितीही अचूक असो, इतिहास चुकलाच म्हणावयाचा.

मनाची चूक याहूनही सूक्ष्म असते. आजची लेखिका आपल्या नायिकेला त्या काळांत पाठविते ती आजचे विचार बरोबर बांधून देऊनच. ती नायिका निर्भय असते, कोणालाही कांहींही विचारते, वस्त्राचें नांव घ्यावयास लाजत नाहीं. वाचकाला ती आवडते. कां न आवडावी? पण असें केल्यानें त्या काळाचें खरें रहस्यच हातचें जातें. रोड गांवचा तपास कशानें फसला? बुद्धि कमी पडली म्हणून नव्हे. एक अंमलदार लाजला, एका घरधन्यानें आपल्या उंबरठ्याचा मान राखला, आणि सभ्य माणसांना माळ्याच्या मुलाचें अनुमान ऐकवेना, म्हणून तो फसला. ही लाज, हा मान आणि ही अढी ज्या कादंबरींत जिवंत झाली नाहीं, तिच्यांत व्हिक्टोरियाचा काळ आलाच नाहीं. आला तो केवळ त्याचा पोशाख.

आतां सर्वांत अवघड प्रश्न. रहस्यकादंबरीला शेवट लागतो. अखेरच्या प्रकरणांत दिवाणखान्यांत सर्व पात्रें जमवावीत आणि गुन्हेगाराकडे बोट दाखवावें, हा तिचा धर्म आहे. इतिहासाला असा दिवाणखाना मिळत नाहीं. कॉन्स्टन्सनें कबुली दिल्यावर तरी सारें स्पष्ट झालें काय? बापाच्या वस्तऱ्यानें आपण हें कृत्य केलें असें तिचें म्हणणें. परंतु मुलाच्या छातीवरची जखम वस्तऱ्यानें होण्यासारखी नाहीं असें डॉक्टरांचें मत होतें. निजलेल्या मुलाला उचलून खिडकींतून एकटीनें बाहेर न्यावें, हेंही अनेकांना पटलें नाहीं. मागें तिच्याबरोबर पळून गेलेला तिचा सख्खा भाऊ विल्यम पुढें समुद्रांतील जीवांचा मोठा शास्त्रज्ञ झाला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील प्रवाळांच्या महाभित्तीवरील त्याचा १८९३ चा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्या रात्रीं त्याचाही हात होता काय, आणि बहिणीनें सारा भार आपल्या शिरावर घेऊन त्याला वांचविलें काय? केट समरस्केल या लेखिकेनें २००८ सालीं या प्रकरणावर एक उत्कृष्ट ऐतिहासिक ग्रंथ लिहिला, त्यांत हा संशय मोठ्या साक्षेपानें मांडला आहे. पण संशयाला तिनें निकालाचें रूप दिलें नाहीं. कादंबरीकार येथें थांबला असता काय?

न थांबण्याचा मोह किती प्रबळ असतो याचें एक उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. १८९१ च्या एप्रिलमध्यें राजाबाई टॉवरवरून पडून दोन तरुण पारशी स्त्रियांचा मृत्यु झाला. शहर हादरलें, पण त्या मृत्यूंचा समाधानकारक उलगडा झाला नाहीं. नेव्ह मार्च या पारशी लेखिकेनें २०२० सालीं त्यावरून इंग्रजींत कादंबरी लिहिली, आणि १८९२ सालच्या मुंबईंत एका कल्पित कॅप्टनाकडून त्या रहस्याचा छडा लावविला. वाचकाला समाधान मिळतें. न्याय झाला असें वाटतें. परंतु तो न्याय कागदावरचा आहे. टॉवरच्या पायथ्याशीं ज्या दोघींचे प्राण गेले त्यांना तो मिळालेला नाहीं. ही गोष्ट लेखिकाही जाणते, म्हणूनच तिनें कुटुंबांतील पात्रें आणि तपासणीस हीं आपल्या कल्पनेचीं ठेविलीं. हा विवेक स्तुत्य आहे.

दुसरा मार्ग मार्गारेट ॲटवुड हिनें दाखविला. कॅनडांत १८४३ सालीं धन्याच्या खुनाबद्दल ग्रेस मार्क्स या अल्पवयी मोलकरणीस शिक्षा झाली. तिच्यावर ॲटवुडनें १९९६ सालीं कादंबरी लिहिली तींत सर्व साक्षी आहेत, ग्रेसचें स्वतःचें दीर्घ कथन आहे, तिचें मन उकलूं पाहणारा डॉक्टर आहे. आणि इतकें सारें असून ग्रेस दोषी कीं निर्दोष हें लेखिका सांगत नाहीं. वाचक शेवटलें पान उलटून पुन्हा मागें जातो. रहस्यकथेच्या नियमानें पाहतां हा अपराध आहे. इतिहासाच्या नियमानें पाहतां ही प्रामाणिकपणाची पराकाष्ठा आहे. कारण जेथें पुरावा संपला तेथें लेखणी थांबली.

आमच्या मतें या दोन मार्गांमधून नियम काढावयाचा तो असा: मृत माणसाचें नांव घ्यावयाचें असेल तर पुराव्यापलीकडे त्याच्यावर आळ घेऊं नये, आणि आळ घ्यावयाचाच असेल तर नांव सोडून द्यावें. कॉलिन्सनें नांव सोडलें. ॲटवुडनें आळ सोडला. या दोहोंपैकीं कांहींच न सोडतां, खऱ्या नांवाच्या माणसाला सुरस शेवटासाठीं खुनी ठरविणारीं पुस्तकें इंग्रजींत थोडीं नाहींत. लंडनच्या पूर्व भागांत १८८८ सालीं झालेल्या, कधींही न उलगडलेल्या खुनांवर तर अशा निकालपत्रांचें एक लहानसें ग्रंथालय होईल. मृतांना अब्रूनुकसानीची फिर्याद करितां येत नाहीं, म्हणून त्यांना अब्रू नसते असें नव्हे.

आणि या हिशेबांत चाकरांचें खातें नेहमीं कोरें राहतें. कॉन्स्टन्स केंट हिच्यावर ग्रंथ झाले. व्हिचरलाही, उशिरां कां होईना, न्याय मिळाला. नोकरी सोडल्यावर त्यानें खाजगी तपासाचें काम केलें, गाजलेल्या टिचबोर्न प्रकरणांतील तोतयाचा माग लंडनच्या गोदी-भागांत काढला, आणि १८८१ सालीं तो वारला. परंतु एलिझाबेथ गफ या दाईचें काय? तिनें निजविलेलें मूल तिच्याच खोलींतून गेलें. तिच्या शीलावर साऱ्या राष्ट्रानें चिखल उडविला. आणि पांच वर्षें लोटून दुसरीची कबुली येईपर्यंत तो तिच्या अंगावर तसाच राहिला. ज्या दिवशीं कन्येला सोडविण्याकरितां सभागृहांत टाळ्या पडल्या, त्या दिवशींच दाईच्या अटकेची वाट मोकळी झाली होती. घराची अब्रू वांचविण्याचा खर्च घरांतील सर्वांत दुबळ्या माणसाच्या नांवावर पडतो, ही गोष्ट केवळ विल्टशायरमधील आहे असें कोण म्हणेल?

म्हणून या शाखेच्या कादंबऱ्या आपल्या घरांतील तरुण मंडळी वाचीत असतील तर त्यांच्या हातांतून त्या काढून घेऊं नयेत. उलट वाचून झाल्यावर त्यांना दोन प्रश्न विचारावे. गुन्हेगार कोण, हें त्यांना ठाऊक असतेंच. लेखकाला हें कोठून कळलें, हा पहिला प्रश्न. आणि तें कळेपर्यंत संशयाचा भार कोणीं वाहिला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नानें पुराव्याची किंमत कळते, दुसऱ्यानें माणसाची. हे दोन प्रश्न विचारावयाची संवय जडली तर इतिहासाच्या अध्यापकाचें अर्धें काम त्या बाकावर विसरल्या जाणाऱ्या पुस्तकानेंच केलें असें होईल. आणि उरलेलें अर्धें करावयास तो आनंदानें तयार असेल.